खिडकी उघडते का?

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि लिहितेय ती भांडायला. भांडण घरातलंच आहे. पण घरातली सगळी मंडळी इथे येऊन गुपचूप वाचतात हे मला ठाऊक आहे (दादा, तूसुद्धा!), म्हणून चारचौघांतच मांडते.

झालं असं, की भाऊबीजेला आम्ही सगळे जळगावला दादाकडे जमलो होतो. दुपारचं जेवण अंमळ जडच झालेलं. भरीत, कळण्याची भाकरी, वरून पुन्हा फराळ. पान-सुपारी झाल्यावर भाच्याने लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं, "मे महिन्यात आपण सगळे स्वित्झर्लंडला जातोय. डोंगर, तळी आणि रेल्वे. बारा दिवस, सात माणसं." पुण्याला नोकरीला लागल्यापासून हा मुलगा प्रत्येक गोष्टीचा तक्ता करतो. यातही तारीखवार सगळं होतं. कोणत्या दिवशी कोणतं तळं, कोणत्या दिवशी कोणतं शिखर, आणि मधोमध पिवळ्या रंगाने रंगवलेली एक ओळ: ग्लेशियर एक्सप्रेस, काचेच्या छताचा डबा, आठ तास, जेवण जागेवर.

सगळे खूश. वहिनी तर लगेच स्वेटरांच्या हिशोबाला लागली. आई मात्र (वय वर्षे ७९) चष्मा लावून तो फोटो निरखत बसली होती. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"या गाडीची खिडकी उघडते का रे?"

"आजी, एसी गाडी आहे ती. काच पार छतापर्यंत असते. उघडायची गरजच नाही!"

"मग वारा?"

"वारा नाही लागत त्यात."

"मग आपल्या पीजेसारखं नाही ते," आई म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला.

सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र मला झोप आली नाही, आणि जे सुचलं ते हे असं आहे.

जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. मुंबई-भुसावळ मोठ्या लाइनवरच्या पाचोऱ्याहून निघून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी छोटी गाडी. दोन फूट सहा इंच रुंदीचे रूळ, छप्पन्न किलोमीटरचा रस्ता. पहिलं महायुद्ध संपता संपता ही लाइन सुरू झाली आणि शंभर वर्षं चालली. पाचोऱ्याहून निघालं की उजव्या हाताला लांबवर अजिंठ्याचे डोंगर, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशी, ज्वारी, मधेच केळीची बाग. गाडी इतकी सावकाश जायची की शेतातल्या माणसाशी बोलणं व्हायचं. आईचं माहेर शेंदुर्णीचं. लग्नानंतर साठच्या दशकात ती माहेरी जायची ती याच गाडीने. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं. खिडकीशी बसलं की डोळ्यात कण जायचा, आणि त्रिविक्रमाच्या यात्रेला तर टपावरसुद्धा माणसं, असं ती सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, देशातल्या सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे बाकीच्या एकेक करून सुरू झाल्या. पीजेची ती छोटी गाडी पुन्हा धावलीच नाही. मार्गाचं रुंदीकरण करायचं आणि तो पुढे बोदवडपर्यंत न्यायचा असं ठरलं. रुंदीकरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर "हिला जुनं ते सोनं वाटतं" म्हणून मला निकालात काढाल. माझं भांडण वेगळंच आहे.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

ग्लेशियर एक्सप्रेस झेरमाट ते सेंट मॉरिट्झ जाते. वाटेत २९१ पूल, ९१ बोगदे. ओबरआल्पच्या खिंडीत ती २,०३३ मीटर उंचीवर पोचते. रूळ? एक मीटर रुंदीचे, म्हणजे तीही छोटी गाडीच. वेळ? सुमारे आठ तास, आणि अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं. जगातली सगळ्यात सावकाश एक्सप्रेस, अशी तिची जाहिरात होते. सावकाशपणा हाच तिचा विकायचा माल!

आपली पीजे छप्पन्न किलोमीटरला दोन-अडीच तास घ्यायची. तिला आपण काय म्हणत होतो? "बैलगाडी बरी." "खाली उतरून लघवीला जाऊन परत चढता येतं." हे विनोद जळगाव जिल्ह्यात कुणी ऐकले नाहीत असं होणार नाही. मीही केलेत. तिथला सावकाशपणा पाहायला माणशी काही लाख मोजायचे, आणि इथल्या सावकाशपणाची लाज वाटायची. का हो?

"तिथे निसर्ग आहे" हे पहिलं उत्तर येतं. असेलच. बर्फ आपल्याकडे नाही, मान्य. पण एक गोष्ट सांगते. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी जी बर्निनाची लाइन आहे, ती २,२५३ मीटर उंचीवर एका खिंडीतून जाते. तिथे शेजारी शेजारी दोन तळी आहेत. एकाचं पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्याचं एड्रियाटिकला. प्रवाशांना हे मुद्दाम सांगतात, माणसं उठून फोटो काढतात. आता आपला अजिंठ्याचा डोंगर घ्या. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस वाघूरमधून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला गोदावरीच्या खोऱ्यात शिरतो आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. एक डोंगर, दोन समुद्र! पीजेच्या खिडकीतून तो डोंगर तासभर सोबतीला असायचा. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. शिवाय पहूरहून फर्दापूर पंधरा-वीस किलोमीटरवर. म्हणजे जगभरातून माणसं जी लेणी बघायला येतात, त्यांच्या इतक्या जवळून ही छोटी गाडी जात होती, आणि तिच्यात बसून लेण्यांना जावं असं आम्हाला वाटलं नाही.

दुसरं उत्तर: "ती गाडी तोट्यात होती." हे उत्तर देणाऱ्याचा आवाज नेहमी जरा चढा असतो, जणू आता वाद संपला. पण ज्या स्विस गाड्यांवर आपण जीव टाकतो त्या तरी कुठे नुसत्या तिकिटावर चालतात? तिथल्या गावोगावच्या साध्या गाड्यांची तूट संघराज्य सरकार आणि कँटन, म्हणजे त्यांचे प्रांत, मिळून भरून देतात. ती लपूनछपून नाही, आधी ठरवून भरतात. डोंगरातल्या खेड्यातल्या माणसालाही गाडी मिळाली पाहिजे हे त्यांनी एकदा ठरवलं, आणि मग त्याचा खर्च मांडला. १९८२ पासून तर देशभर असं वेळापत्रक आहे, की गाडी दर तासाला त्याच ठरलेल्या मिनिटाला येते. आजच्या दिवशी कुठली गाडी आहे हे पाठ करायला नको.

तिसरं उत्तर दादाचं. "ते श्रीमंत आहेत बाई, त्यांना परवडतं." दादा, बर्निनाची लाइन १९१० मध्ये पुरी झाली. आपली पीजे त्यानंतर दहा वर्षांच्या आत. म्हणजे त्या दोघी जवळपास एका वयाच्या. एकीला तिच्या गावाने वापरलं, दुरुस्त केलं, नवे डबे दिले, आणि २००८ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. दुसरीचे फक्त विनोद झाले. आणि त्याच २००८ मध्ये आपली कालका-सिमला लाइनही त्या यादीत गेली बरं का! तीसुद्धा दोन फूट सहा इंचीच, पीजेच्याच रुंदीची. तेव्हा "आपल्याकडे छोट्या गाड्या टिकत नाहीत" हेही खरं नाही. जिथे साहेबलोक हवा खायला गेले तिथल्या टिकल्या. जिथे कापूस आणि बाजारकरी होते तिथली गेली.

आता मुख्य मुद्दा. भाच्या, हा तुझ्यासाठी आहे.

तुझ्या तक्त्यातली ती पिवळी ओळ ज्या रुळांवरून जाते, त्याच रुळांवरून साधारण तासाला एक साधी गाडी जाते. तेच डोंगर, तीच तळी, तेच पूल. तिच्यात शाळेतली पोरं असतात, बाजारची पिशवी घेतलेली म्हातारी असते, टपाल असतं. आपण जो पास काढणार आहोत त्यात ती गाडी येते. काचेच्या छताच्या गाडीला मात्र पासवर आणखी आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तळ्यांवरच्या बोटीसुद्धा त्या पासात येतात. आणि साध्या गाडीच्या काही डब्यांच्या खिडक्या खाली घेता येतात. होय, उघडतात! आजीच्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत नव्हतं, कारण तू जाहिरातीचं पान पाहिलंस, वेळापत्रक पाहिलंच नाहीस.

माझं म्हणणं एवढंच आहे. "निसर्गरम्य रेल्वे" नावाची वेगळी वस्तू नसते. डोंगरात माणसं राहतात, त्यांना ये-जा करायची असते, म्हणून रेल्वे असते. ती त्यांच्यासाठी नीट चालते म्हणूनच आपल्यासारख्या पाहुण्याला तिच्यात बसून डोंगर बघता येतो. आपण तिथे जातो, डोंगराचे फोटो आणतो, आणि ज्यामुळे तो दिसला ती गोष्ट तिथेच विसरून येतो. परत आलेल्या किती जणांनी मला त्या गाडीतल्या चीज-चॉकलेटबद्दल सांगितलं! "तिथे प्रत्येक खेड्याला गाडी आहे, मग आपल्या शेंदुर्णीला का नसावी?" असं विचारणारा एकही भेटला नाही.

हे वेड आपल्या डोक्यात कुठून आलं याचा मी बराच विचार केला. आमच्या पिढीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. राज आणि सिमरन गाडीने स्वित्झर्लंडमधून फिरले आणि सगळ्या मध्यमवर्गाने मनातल्या मनात तिकीट काढलं. पण गंमत बघा. त्या सिनेमातली सगळ्यांना आठवणारी गाडी, जिच्या दारातून तो हात पुढे करतो आणि ती धावत येते, ती गाडी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनातली आहे. इतकी वर्षं आपण आपट्याच्या फलाटावर रडतोय आणि तिकीट मात्र झुरिचचं काढतोय.

आणि हे सगळं लिहिताना मी कुणी धुतल्या तांदळाची नाही, हेही कबूल करते. मी शेवटची पीजेत बसले ती २००७ च्या मे महिन्यात. हाच भाचा सहा वर्षांचा होता. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून पाचोऱ्यापासून शेंदुर्णीपर्यंत उभा होता, आणि उतरायची वेळ आली तेव्हा भोकाड पसरलं होतं. त्याला ते आठवत नाही. त्यानंतर आम्ही शेंदुर्णीला गेलो नाही असं नाही. दर वर्षी गेलो, पण कारने. एसी लावून, काचा वर करून, जळगावहून पहूरमार्गे, रस्त्याच्या नावाने बोटं मोडत. गाडी वाचावी म्हणून त्या भागातली माणसं उन्हातान्हात रस्त्यावर उतरली, निवेदनं दिली. आम्ही पेपरात वाचलं आणि "अरेरे" म्हणालो. ज्या गाडीत आपण बसत नाही ती बंद झाल्यावर हळहळायचं म्हणजे दिवसकार्याला जेवायला जाण्यासारखं आहे. आजारपणात कुणी फिरकत नाही.

मुंबईला जातानाही आपलं तेच. जळगावकर कसारा घाट आयुष्यात शंभर वेळा ओलांडतो, आणि बहुतेक वेळा झोपेत. मागून जादा इंजिनं लावावी लागतात असा एकास सदतीसचा चढ, १८६५ मध्ये गाडी सुरू झालेला, पावसाळ्यात तर काय वर्णावा! रात्रीच्या गाडीने, चादर डोक्यावरून घेऊन आपण तो पार करतो, आणि मग घाट बघायला ऑस्ट्रियाला जातो.

आता हे नुसतं रडगाणं होऊ नये म्हणून पुढचं सांगते. माझं सासर धुळ्याचं. धुळ्याची रेल्वे १९०० सालची, चाळीसगावहून आलेली आणि धुळ्यालाच संपलेली. सव्वाशे वर्षं तो फाटा तिथेच थबकलेला. लग्न होऊन आले तेव्हा सासरे सांगायचे, "मनमाड-इंदूर लाइन होणार आहे." सासरे गेले, लाइन नाही आली. पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशनं. मनमाड, मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर आणि पुढे सातपुड्यातून सेंधव्याकडे. म्हणजे मंडळी, खान्देशाला स्वतःची डोंगरातली रेल्वे मिळणार आहे. तापी ओलांडून सातपुडा चढणारी!

आणि मला भीती वाटते ती इथेच. कांद्याच्या आणि सिमेंटच्या मालगाड्या जातील, त्या जाव्यातच. रात्रीच्या वेगवान गाड्या जातील, एसी डबे, पडदे ओढलेले. सातपुडा अंधारात निघून जाईल. आणि त्या तीस स्टेशनांवर दिवसा थांबणारी गाडी दिवसातून एखादी, तीही अडीच तास उशिरा. मग वीस वर्षांनी कुणीतरी म्हणेल, "ती पॅसेंजर तोट्यात आहे." हे होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच बोलायला हवं. रूळ टाकून झाल्यावर बोलून उपयोग नाही. दिवसाउजेडी थांबत जाणारी गाडी हवी, ठरलेल्या मिनिटाला हवी, आणि स्टेशनाबाहेर एसटी उभी हवी. पीजे रुंद होऊन येईल तेव्हा शेंदुर्णीलाही हेच हवं. उघडी खिडकी, थांबणारी गाडी, वेळापत्रक. स्वित्झर्लंडहून आणण्यासारखं एवढंच आहे. चॉकलेट जळगावात मिळतं.

"मग तू येणार नाहीस का?" असं भाच्याने परवा फोनवर विचारलं. येणार की! मी कधी म्हटलं जायचं नाही? डोंगर कुणाचेही असोत, बघावेतच. माझ्या तीन अटी मात्र आहेत. एक, पिवळी ओळ पुसायची आणि त्या पैशात साध्या गाडीने, मधे एखाद्या लहान गावी उतरत, दोन दिवसांत तोच रस्ता करायचा. सलग आठ तास बसणं आईच्या गुडघ्यांना तसंही झेपणार नाही. दोन, जायच्या आधी सगळ्यांनी एक दिवस काढून चाळीसगावहून धुळ्याला पॅसेंजरने यायचं, दिवसा, खिडकीशी बसून. जेवण माझ्याकडे, शेवभाजी. तीन, परत आल्यावर प्रत्येकाने एक अर्ज लिहायचा, आपल्या खासदाराला आणि रेल्वेला. शेंदुर्णीच्या गाडीसाठी. फोटो नंतर टाका.

दादाने दुसरी अट ऐकून "उन्हात?" असं विचारलंय. वहिनी पहिलीला तयार आहे, तिला खरेदीला पैसे उरतील म्हणून. भाचा म्हणतो, "आत्या, तिसरी अट जरा विचार करून सांगतो." कर बाबा विचार, पण फार वेळ लावू नकोस.

आईला मी फोन करून सांगितलं, "त्या साध्या गाडीची खिडकी उघडते." ती म्हणाली, "बरं झालं. आणि आपली कधी सुरू होतेय?"

मला सांगता आलं नाही.